आंब्याला टेकलेली कॉईल

लग्नामुंजीला क्रेनवाल्याला कुणी बोलावत नाही. आमचा फोन वाजतो तो कुणाचं तरी काहीतरी खाली गेल्यावरच. पलीकडून आधी आरडाओरडा ऐकू येतो, मग शिव्या, आणि सगळ्यात शेवटी पत्ता. चौकला जुन्या हायवेच्या कडेला, एक टायरवाला आणि एक वेल्डिंगवाला यांच्या मधल्या जागेत माझी क्रेन उभी असायची. खोपोलीचा घाट, नेरळहून माथेरानला चढणारा रस्ता आणि या दोहोंमधली सगळी वळणं, चर आणि नाले हा आमचा इलाखा. कुठे ट्रक कलंडला, टेंपो चरात गेला, ट्रॅक्टर भाताच्या खाचरात नाक खुपसून बसला, की बाळाराम आणि मी निघायचो.

बाळाराम पोशीरचा. मी क्रेन चालवायचो आणि तो दोर बांधायचा. म्हणजे पडलेल्या गाडीखाली, चिखलात आणि फुटक्या काचांवर तो झोपायचा आणि खुर्चीवर मी बसायचो. त्यामुळे लोक मला शेठ म्हणायचे. बाळारामही म्हणायचा, पण त्याच्या 'शेठ'मधला आदर मला निवृत्त होईपर्यंत सापडला नाही.

आता गंमत अशी की मी दहावीत विज्ञानात नापास झालो तो नेमका याच विषयावर. आमच्या सरांनी एकदा पुस्तक हातात घेऊन डोक्याच्या वर धरलं आणि मला उभं करून विचारलं, "हे पुस्तक आत्ता काय करतंय?"

मी म्हटलं, "काही नाही सर. जे काय करताय ते तुम्ही करताय."

वर्ग खो खो हसला. सरांनी शांतपणे पुस्तक सोडलं. ते माझ्या टाळूवर आलं.

"आणि आता?"

सरांचं म्हणणं असं होतं की वर उचललेली वस्तू रिकामी नसते. उचलणाऱ्याचे कष्ट तिच्यात जाऊन बसतात. त्याला स्थितिज ऊर्जा म्हणायचं. वस्तू पडू लागली की तेच कष्ट वेग होऊन बाहेर येतात, ती गतिज ऊर्जा. परीक्षेत मी लिहिलं, 'स्थितिज ऊर्जा म्हणजे आळशी वस्तूची ऊर्जा.' तपासणाऱ्याने भोपळा दिला. पुढे सगळं आयुष्य मी या आळशी वस्तूंच्या मागे धावण्यात घालवलं, आणि खरं सांगतो, माझं उत्तर अगदीच टाकाऊ होतं असं मला अजूनही वाटत नाही. एवढंच, की आळशी हा शब्द मी तेव्हा हसत लिहिला होता. आता लिहिताना हात थोडा थांबतो.

धंद्याला लागून फार दिवस झाले नव्हते. चौकच्या एका ढाब्यावर आम्ही मिसळ खायला थांबलो. हँडब्रेक ओढला होता असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. चाकाखाली दगड मात्र लावला नव्हता, कारण रस्ता सपाट होता. म्हणजे मला सपाट वाटला होता. मी पाव मोडतोय तोवर समोरून एक पिवळी क्रेन, इंजिनाचा आवाज न करता, अगदी पाहुण्यासारखी सावकाश ढाब्याकडे येताना दिसली.

मी म्हटलं, "बाळाराम, कुणाची रं ही? आत ड्रायव्हर दिसत नाय."

बाळाराम रस्सा भुरकत म्हणाला, "शेठ, तुमचीच हाय."

मी उठेपर्यंत तिने एक बाज मोडली, पापडाची बरणी ठेवलेलं टेबल ढकलत नेलं आणि ढाब्यामागच्या सांडपाण्याच्या चरात पुढची दोन्ही चाकं घालून ती थांबली. तिचा हुक हलत हलत रश्श्याच्या पातेल्यावर टणकन वाजला. दुसऱ्यांच्या गाड्या काढणाऱ्या माझी गाडी काढायला खोपोलीहून माझाच प्रतिस्पर्धी आला. त्याने आधी चहा मागवला, तो बशीत ओतून, फुंकून, पुरता संपवला, आणि मग विचारलं, "हं, काय झालंय?" चरात उभी असलेली क्रेन त्याला तोवर दिसली नव्हती म्हणे.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. उतार आपल्या डोळ्यांना दिसलाच पाहिजे असं नाही. चाकाला दिसला की झालं.

दुसरा धडा एका सासूबाईंनी दिला. माथेरानच्या घाटात एका वळणावर एक नवी गाडी कठडा तोडून पुढे गेली होती. पुढची दोन्ही चाकं हवेत, पोट कठड्याच्या दगडांवर, मागची चाकं रस्त्यावर टेकल्यासारखी. आत चालवायला जावई, शेजारी त्याची बायको आणि मागे सासूबाई. तिघंही देवळातल्या मूर्तींसारखी गप्प बसली होती. मी पोचलो, परिस्थिती पाहिली आणि जमलेल्या लोकांसमोर मोठ्या रुबाबात म्हणालो, "आधी बाईमाणसं बाहेर! आजी, तुम्ही या पहिल्या."

सासूबाईंनी दार उघडून एक पाय खाली ठेवला. गाडीने पुढे मान घातली.

बाळाराम ओरडला, "आज्जे, बस गं! बस माघारी!"

"अरे, आज्जे कुणाला म्हणतोस मेल्या?" असं म्हणत त्या रागाने धपकन सीटवर बसल्या, आणि गाडी पुन्हा सरळ झाली. दरीवर टांगलेल्या त्या अख्ख्या संसाराचं वजन ती एक बाई मागच्या सीटवर बसून तोलत होती, आणि मी निघालो होतो पहिल्यांदा तिलाच उतरवायला! मग बाळारामने मागच्या बाजूला साखळी लावली, मी ताण धरला, पुढची दोघं एकेक करून मागे सरकत बाहेर आली, आणि सासूबाई सगळ्यात शेवटी उतरल्या. उतरल्यावर पदर सारखा करून त्या जावयाला म्हणाल्या, "मला न्यायचं तर गाडीवर भार होतो म्हणत होतात ना? बघितलात ना आता भार?"

तेव्हापासून आमचा नियम ठरला. जागेवर पोचलं की पडलेल्या गाडीकडे नंतर बघायचं. आधी एकच प्रश्न विचारायचा: हिला धरलंय कुणी? कधी झुडूप असतं, कधी दगड, कधी नुसतीच गाडीखाली दबलेली माती. एखादी वस्तू स्वस्थ दिसते तेव्हा तिथे कुणीतरी राबत असतं. ते कोण हे कळल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. प्रत्येक वेळी आम्हाला ते वेळेत कळलं असं नाही. काही वळणांवरून जाताना मी अजून हॉर्न वाजवत नाही, आणि त्याबद्दल इथे याहून जास्त लिहिणार नाही.

सांगायची आहे ती कॉईलची गोष्ट.

कॉईल म्हणजे पोलादाच्या पत्र्याचं रीळ. दुकानात चिकटपट्टीचं मिळतं तसं, फक्त माणसाच्या खांद्याएवढं उंच, मधे आरपार भोक, आणि वजन तीन हत्तींचं. खालापूरच्या कारखान्यांकडे रोज अशा कॉईली ट्रेलरवरून येतात. आपण त्यांना ओव्हरटेक करतो तेव्हा आपल्याला ट्रेलर दिसतो, कॉईल दिसत नाही. मला विचाराल तर रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्या वस्तूंत तिच्याइतकी गप्प आणि तिच्याइतकी भरलेली दुसरी कुठली नसेल.

आंब्याला मोहोर आला होता ते दिवस. सकाळी फोन आला. घाट उतरताना एका ट्रेलरच्या साखळ्या तुटल्या आणि वळणावर कॉईल खाली गेली. ड्रायव्हर सुखरूप, ट्रेलर रस्त्यावर, कॉईल मात्र रस्त्याखालच्या उतारावर झुडपं चिरडत गेली आणि अर्ध्यावर थांबली. खाली एक वाडी होती.

आम्ही वळणावर क्रेन लावली, चाकांखाली दगड लावले (आता मी सपाट रस्त्यावरही लावतो) आणि झाडीला धरत खाली उतरलो. कॉईल उभी होती, चाक उभं असतं तशी, आणि एका आंब्याला टेकली होती. आंबा जुना, दोघांच्या कवेत न मावणारा. साल सोलवटून आतलं लाकूड ओलं दिसत होतं. वरच्या अंगाला, मुळांपाशी, जमिनीला लांब भेग पडली होती.

आणि मोहोर गळत होता. वारा अजिबात नव्हता. पान हलत नव्हतं. तरी त्या झाडाचा मोहोर बारीक पावसासारखा सतत आमच्या खांद्यांवर पडत होता. झाड आतून थरथरत होतं. मी खोडाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. ताप आलेल्या माणसाचं अंग लागावं तसं वाटलं.

बाळाराम कधी नव्हे तो हळू आवाजात म्हणाला, "शेठ, हिला यानंच धरलंय."

झाडाच्या बरोबर खाली, खाचरांच्या पायऱ्या संपतात तिथे एक कौलारू घर. त्याच्या उजव्या हाताला, जरा लांब, एका बांधाच्या आडोशाला गोठा. मी सरळ रेषेत नजर लावली. रेषा घराच्या ओटीवर जात होती. म्हणून खाली जाऊन आधी घर रिकामं करायला लावलं. घर सोनाबाईचं. तिचा मुलगा रघुनाथ, सून आणि शेजारची चार माणसं जमली होती.

मी म्हटलं, "वाडीच्या पार पलीकडे जाऊन बसा सगळे."

रघुनाथ म्हणाला, "आमी जातो हो. पण म्हस व्यायला लागली हाय. सकाळधरनं वेणा देतेय. आता तिला कुठं हलवू? हलवली तर जाईल ती."

सोनाबाई गोठ्याच्या दारातून म्हणाली, "मी नाय हलत. ती हलली तं मी हलंन."

मी पुन्हा नजर लावली. गोठा रेषेच्या बाहेर होता आणि वर बांधही होता. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "ठीक आहे, गोठ्यात थांबा. तिकडे काही येत नाही. फक्त घरात कुणी जायचं नाही." सगळी मंडळी गोठ्याशी जाऊन उभी राहिली. मी सांगितलं म्हणून.

तोवर कारखान्याकडून एक तरुण इंजिनिअर बाई आल्या होत्या, नाव अनघा. पायात शहरी बूट, पण उतारावर माझ्यापेक्षा सरळ चालत होत्या. त्यांनी झाड पाहिलं, भेग पाहिली आणि विचारलं, "तुमचा विचार काय आहे?"

मी म्हटलं, "विचार कसला, वर ओढायची. रस्त्यावर आणून ठेवायची."

आमच्या धंद्यात हाच एक शिरस्ता. खाली गेलेली वस्तू वर रस्त्यावर आणायची. ती रस्त्यावर उभी राहीपर्यंत जागेवर चहा प्यायचा नाही. अर्धं काम टाकून चहा पिणाऱ्याला चौकच्या नाक्यावर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं.

बाई म्हणाल्या, "वर ओढताना मध्येच दोर तुटला तर? तुम्ही जितकी वर न्याल तितकी ताकद तिच्यात भरत जाल. आत्ता निदान झाड आहे. वर गेल्यावर ते तिच्या वाटेत असेलच असं नाही."

मी म्हटलं, "मॅडम, माझा दोर तुटत नाही." असं वाक्य बोलून झाल्यावर आमच्याकडे नारळ फोडतात. तो आमचा दुसरा शिरस्ता. दोराला ताण देण्याआधी नारळ. केबिनमध्ये त्याची पिशवीच असते.

दरवेळी बाळाराम फोडतो, क्रेनच्या हुकावर. पण त्या दिवशी दोर वरून आणून कॉईलच्या भोकातून ओवून झाला होता, आम्ही सगळे झाडापाशी होतो, वर रस्त्यावर माणसं गोळा झाली होती, आणि मला वाटलं, आज आपण फोडावा. दोराबरोबर एक नारळही खाली आलाच होता. कशावर फोडावा म्हणून पाहिलं तर समोर कॉईलच. मी हात उचलला.

"शेठ, तिच्यावर नको!" बाळाराम कळवळून म्हणाला.

त्याच क्षणी माझीही हिंमत गेली. पण हात निघाला होता. तो धड जोरात बसला नाही, धड थांबला नाही. नारळ कडेला टप्पकन लागला, न फुटता माझ्या बोटांतून निसटला आणि खाली पडला. पडला आणि घरंगळू लागला.

वर रस्त्यावरून कुणीतरी हसलं. मीही हसणार होतो.

नारळ सरळ घराच्या दिशेने निघाला, माझ्या रेषेवरून. दोन खाचरं ओलांडली. तिसऱ्या खाचराच्या बांधाला गुरं येऊन जाऊन एक खिंडार पडलं होतं. ते आम्हाला वरून दिसलंच नव्हतं. नारळाला दिसलं. तो त्या खिंडारातून उजवीकडे वळला, गुरांच्या पायवाटेला लागला आणि वेग घेत, उड्या मारत, शेवटच्या बांधावरून उडून गोठ्यात शिरला.

खालून सोनाबाईचा आवाज आला, "अरं, नारळ कोण फेकतंय रं? म्हशीच्या पायाशी आला!"

कुणीच हसलं नाही. मी आयुष्यात बऱ्याच वेळा शरमलो आहे आणि त्यातले निम्मे प्रसंग वर लिहिले आहेत, पण त्या दिवसाइतका कधी नाही. मी सगळ्या माणसांना बरोबर तिथेच नेऊन उभं केलं होतं.

मी म्हटलं, "मॅडम, तो नारळ होता. एवढी मोठी कॉईल काही अशी वळणं घेत जाणार नाही." हे मी त्यांना विचारत होतो.

त्या खाली बघत होत्या. "खात्रीने नाही सांगता येणार. पण उताराला वजन कळत नाही, दादा. समीकरण मांडायला घेतलं की वजन दोन्ही बाजूंनी गळून जातं. घरंगळताना नारळाचा वेग आणि हिचा वेग जवळपास सारखाच. फरक थांबण्यात आहे. नारळाला म्हशीच्या पायाने थांबवलं."

मी कॉईलकडे पाहिलं. ती तशीच होती. काहीही करत नव्हती. सरांच्या हातातल्या पुस्तकासारखी.

पिशवीतले आणखी नारळ आणवले आणि झाडाच्या बुंध्याशी ठेवून एकेक सोडले. एक करवंदीत अडकला. एक घराच्या पायरीपाशी जाऊन थांबला. उरलेले दोन्ही खिंडारातून वळून गोठ्याकडेच गेले. खालून सोनाबाई ओरडली, "आता पुरे रं, इथं सत्यनारायण नाय!"

मी धावत, निम्मं अंतर बसून घसरत, खाली गेलो. माणसं लांब हलवली. खिंडार आधी दगडांनी भरलं, पण ते कितपत पुरेल हे भरणाऱ्यांच्या तोंडावरच दिसत होतं. म्हैस आडवी पडली होती, डोळे पांढरे करून कण्हत होती. सोनाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. रघुनाथ आईशेजारी उभा.

"आजी, चला. पाया पडतो."

"तुमी तुमचं काम करा, क्रेनवाले. मी माजं करते."

"ती कॉईल इकडेच येणार आहे आजी. नारळ आला ना, तशीच."

सोनाबाईने माझ्याकडे पाहिलं. घाबरली होती, मला स्पष्ट दिसलं. मग तिने म्हशीकडे पाहिलं. "मग नीट धरा तिला," म्हणाली. आणि रघुनाथला, "तू जा रं." तोही गेला नाही.

वर चढून आलो तेव्हा माझा दम आणि माझा रुबाब दोन्ही संपले होते. मी अनघाबाईंना म्हटलं, "वर ओढायची नाही. तुम्ही सांगा काय करायचं."

त्या म्हणाल्या, "उभी आहे तोवर ती चाक आहे. आडवी केली की नुसता दगड. इथेच झोपवा तिला."

कल्पना सोपी होती. एक दोर वरून, क्रेनच्या विंचचा, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या ड्रमचा, भोकातून ओवलेला. तो फक्त धरून ठेवणार. दुसरा दोर बाजूने, डावीकडच्या मोठ्या कातळाला कप्पी बांधून. तो तिला कुशीवर पाडणार. पडायच्या जागी जमीन सपाट पाहिजे, म्हणून बाळाराम आणि वाडीतली दोन माणसं कॉईलच्या डाव्या अंगाला, तिच्या वाटेत न येता, पहार आणि कुदळीने बिछाना खणायला लागली. खणतानाही कुणी जोरात घाव घालत नव्हतं. मातीत कुदळ टेकवत होते. वर पसरायला पेंढा हवा होता. रघुनाथ खालून भारे घेऊन आला. "आई म्हणाली, जाड टाका."

मोहोर गळतच होता. आता तो खोदलेल्या खड्ड्यातही पडत होता. भेग सकाळपेक्षा रुंद झाली होती. झाडातून मधूनच एक बारीक आवाज यायचा, जुन्या बाजेवर कुणी कूस बदलावी तसा. तो आला की सगळे थांबायचे.

मी वर जाऊन खुर्चीवर बसलो. तिथून मला कॉईल दिसत नव्हती, फक्त बाळारामचा वर केलेला हात दिसत होता. सगळा धंदा मी त्या हाताकडे बघून केला आहे. बोटं मिटली की थांब, बोट फिरलं की ओढ. नारळ त्यानेच फोडला. हुकावर, एका घावात.

ताण दिला. दोर सरळ झाला आणि घुमायला लागला. बाजूच्या दोराची चेनपुली कातळाशी वाडीतली माणसं ओढत होती, एकेक कडी. आणि इथे मला ती गोष्ट कळली जी शाळेत कधीच कळली नसती. उभी वस्तू झोपवायची तर ती आधी किंचित वर उठते. पडण्याच्या आधी तिला थोडं आणखी द्यावं लागतं. कॉईल एका कडेवर उठू लागली, तेव्हा तिच्यात आम्ही भरच घालत होतो. विंचच्या ड्रममधून तो भार खुर्चीत, खुर्चीतून माझ्या पाठीच्या कण्यात चढत होता. बाळारामचा हात हवेत थांबलेला. बोटं ना मिटलेली, ना फिरणारी.

मग एक क्षण असा आला की दोराचं घुमणं थांबलं. कॉईल तिच्या कडेवर तोलून उभी होती. ना झाडाची, ना दोराची, ना जमिनीची. तीन हत्तींचं वजन, आणि त्या क्षणी कुणी बोट लावलं असतं तर तिने ऐकलं असतं. मी अनेक यंत्रं पाहिली, धरणं पाहिली, घाटात चढणारी आगगाडी पाहिली. पण एवढी ताकद एवढी नाजूक होऊन उभी राहिलेली मी दुसऱ्यांदा पाहिलेली नाही. खरं तर तेव्हाही पाहिली नाही. बाळारामच्या हवेत थांबलेल्या हातावरून वाचली म्हणा.

बाळारामचं बोट फिरलं.

आवाज झाला नाही, धक्का आला. माझी क्रेन दगडांवर जागच्या जागी हलली. पेंढ्याची धूळ झाडाच्या वर उठली. आणि त्या धुळीत आंबा सरळ झाला. इतका वेळ तो वाकलेला आहे हेच आम्हाला कळलं नव्हतं. तो सावकाश मागे आला, सगळ्या फांद्या एकदा झाडल्या, आणि उरलेला मोहोर एकदमच खाली सोडून दिला. मग मात्र एक तुरासुद्धा पडला नाही.

आम्ही खाली गेलो. गोठ्याकडे बघायचं आधी कुणाला सुचलंच नव्हतं, कारण सोनाबाईसकट सगळी माणसं तोंड वर करून उताराकडे बघत होती. म्हशीने मात्र आमच्यासाठी काही थांबवलं नव्हतं. तिच्यापाशी एक ओलंचिंब पारडू चार पायांवर उभं राहायचा प्रयत्न करत होतं. उठायचं, डुलायचं, धपकन बसायचं, पुन्हा उठायचं. अनघाबाई बांधावर बसून बराच वेळ त्या पारडाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आत्ता वरती हेच पाहिलं आपण."

सुनेने चहा आणला. बाळारामने माझ्याकडे पाहिलं. कॉईल रस्त्यावर नव्हती. अर्ध्या डोंगरावर पेंढ्यात पडली होती. पुढे कारखान्याने तात्पुरता रस्ता काढून, माझ्या क्रेनच्या तिप्पट मोठी क्रेन आणून ती सुखरूप नेली आणि त्या कामाचा मान दुसऱ्यांना मिळाला. चौकच्या नाक्यावर 'अर्ध्यावर चहा पिणारा शेठ' हे नाव मला चिकटलं ते अजून सुटलेलं नाही. मी कप उचलला. बाळारामनेही उचलला.

आज घाटात जी पोरं क्रेन चालवतात त्यांच्या फोनमध्ये उताराचा कोन दाखवणारी सोय असते. चांगलं आहे. तरी फोडायच्या आधी ही पोरं एक नारळ उतारावर सोडून बघतात. का, ते त्यांना नीट माहीत नाही, आणि मी होऊन सांगत नाही. सांगायला गेलं तर तो हातातून निसटला होता हेही सांगावं लागेल. आज इथे सांगितलं. सरांना मात्र सांगायचं राहून गेलं. ते कधीच गेले.

त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा सोनाबाई गोठ्यातून तो पहिला नारळ घेऊन बाहेर आली. तो कुठेही तडकला नव्हता. माझ्या हातात देताना तिने वर आंब्याकडे पाहिलं. त्याच्या बुंध्याशी पेंढ्यात कॉईलची कड चकाकत होती.

"गेली का आता तिची ताकद?" तिने विचारलं.

खोटं सांगावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "नाही आजी. उंचीवर आहे तोवर ताकद आहे तेवढीच आहे. आम्ही फक्त तिला झोपवली."

सोनाबाईने मागे वळून पारडाकडे पाहिलं, मग पुन्हा वर, आणि तोंडावर पदर धरून माझ्याजवळ आली.

"मंग इथं मोठ्यानं बोलू नका," ती कुजबुजली. "उठंल."

आम्ही गाडीपर्यंत न बोलता चढलो.